आत्म्यांचा हाऊसफुल्ल खेळ

माझ्या पार्लरच्या मोठ्या आरशाच्या उजव्या कोपऱ्यात एक कागद चिकटवलेला असतो. दर सोमवारी मी तो बदलते. वर लिहिलेलं असतं, 'या आठवड्याचा अन्यायग्रस्त सिनेमा', त्याखाली सिनेमाचं नाव आणि त्याखाली माझ्या तीनचार ओळी. डोक्याला रोलर लावलेली बाई पळून थोडीच जाणार आहे? गेली एकोणीस वर्षं कोरियाच्या या मोक्पो बंदरालगतच्या बायकांना मी असं सिनेमाचं शिक्षण देते आहे, आणि त्यांनीही ते मुकाट्याने घेतलं आहे.

गाजलेल्या सिनेमांची मला काळजी नाही. त्यांना बक्षिसं मिळतात, त्यांच्यावर पुस्तकं निघतात. माझा जीव अडकतो तो लोकांनी पोट धरून बघितलेल्या आणि बाहेर पडताना पॉपकॉर्नच्या खोक्याबरोबर टाकून दिलेल्या सिनेमांत. 'सासूबाईंचा ब्लॅक बेल्ट' घ्या. तासभर गुंडांना लोळवणारी सासू शेवटी कमरेचा काळा पट्टा सोडते आणि त्याने रडणारं नातवंड सुनेच्या पाठीला बांधून देते. तोंडातून चकार शब्द नाही. अख्ख्या देशाने तिथे नाक पुसलं आणि घरी जाऊन 'टाइमपास आहे' असं लिहिलं. किंवा 'उल्सानची शेवटची बस'. त्यातला ड्रायव्हर मेलेल्या प्रवाशांच्या थांब्याचंही नाव पुकारतो, कारण तिकीट काढलंय त्यांनी. ही गोष्ट सुचायला डोकं लागतं. समीक्षकांनी लिहिलं, 'भीती वाटत नाही.' अरे, घाबरवायचंच नव्हतं त्याला! उचलली जीभ, लावली टाळ्याला.

सिनेमा मी केसांवरून पारखते. यात हसण्यासारखं काही नाही. सुतार खुर्ची उलटी करून बघतो, तशी मी नायिकेच्या केसांची मुळं बघते. तीन महिने घर सोडून पळणाऱ्या बाईच्या केसांना कालच रंग लावलेला दिसला, तर तो दिग्दर्शक पुढेही खोटंच बोलणार, हे मी पैजेवर सांगते. आजवर एकही पैज हरलेली नाही.

तर सांगायची गोष्ट 'आठ नंबरचा धक्का' या सिनेमाची. त्याचं शूटिंग आमच्याच बंदरावर झालं. सोलचा एक गुंड पोलिसांना चुकवत मोक्पोला येतो, बर्फ फोडायच्या कामाला लागतो आणि बाजारातल्या म्हाताऱ्या त्याला वळण लावतात, एवढीच कथा. सोलच्या एका शहाण्याने दोन तारे दिले आणि वर 'मासळीबाजारी विनोद' असा शेरा मारला. मासळीबाजारात घडणाऱ्या सिनेमात विनोद काय राजवाड्यातला असणार?

त्या शहाण्याला एक गोष्ट दिसली नाही. गुंड येतो तेव्हा त्याचे केस पिवळे रंगवलेले असतात. मग मुळाशी काळी रेघ दिसते, मग ती बोटभर होते, आणि शेवटी डोकं अर्धं काळं झालेलं असतं. किती महिने गेले, हे कुणी बोलून दाखवत नाही, केसच सांगतात. आणि ज्या दिवशी तो उरलेलं पिवळं कापून टाकतो, त्या दिवशी तो आमचा होतो. मला हे पहिल्याच खेळाला दिसलं, आणि मी थिएटरात एकटीने टाळ्या वाजवल्या.

त्या सिनेमात आमच्या फिल-नाम मावशीला काम होतं.

ताक फिल-नाम, वय एक्याऐंशी. बंदरावर सुक्या माकुळाचं आणि सुक्या मासळीचं दुकान. दुकान म्हणजे चार टोपल्या आणि एक छत्री. फिल-नाम म्हणजे 'पुढचा नक्की मुलगा'. थोडक्यात, नकोशीचं नाव. नावाने आपलं काम चोख केलं, पाठोपाठ भाऊ झाला, आणि मग त्या नावाच्या मुलीकडे कुणाला वळून बघायची गरज उरली नाही. मावशी हे हसत सांगते. मला ऐकताना दर वेळी राग येतो.

दर दोन महिन्यांनी ती माझ्याकडे केस कुरळे करून घेते. काम झालं की मी प्रत्येकीच्या मागे हातातला आरसा धरते, मागचं नीट झालंय ना ते दाखवायला. पार्लर उघडल्यापासूनच्या तीस वर्षांत फिल-नाम मावशीने तो एकदाही बघितलेला नाही. हाताने बाजूला सारते.

"पाठ मागच्यांनी बघावी गं. माझं काय काम तिकडे?"

शूटिंगवाल्यांनी तिला रोज बसते तशीच टोपल्यांपुढे बसवलं होतं आणि मागे बघू नका असं बजावलं होतं. गुंड समोर येऊन उभा राहतो आणि धमकी देतो. मावशी हातातलं सुकं माकूळ त्याच्या तोंडावर हाणते आणि म्हणते, "सर बाजूला. ऊन अडवतोयस." एवढंच. आठ सेकंद. मी मोजले आहेत. माझं मत असं, की अख्खा सिनेमा त्या आठ सेकंदांवर उभा आहे. तिथवर गुंडाला न घाबरणारं कुणी भेटलेलं नसतं. आणि ही घाबरत तर नाहीच, वर तिला काळजी मासळीच्या उन्हाची.

पण त्या आठ सेकंदांत मावशीचा चेहरा नाही.

कॅमेरा तिच्या मागे आहे. समोर गुंडाचं तोंड दिसतं, आणि मावशीची दिसते ती मान, रुमालाने चपटे झालेले कुरळे केस, त्याखाली घामाने चिकटलेल्या चार पांढऱ्या बटा, मग खांदा, मग फटका. ते केस मीच कुरळे केलेले, म्हणून मी तत्क्षणी ओळखले. आवाज तिचाच. पण तोंड नाही.

सिनेमा लागला तेव्हा मावशी ग्वांगजूला मुलाकडे होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. मी आरशावरच्या कागदावर ठळक लिहिलं, 'यात आपल्या फिल-नाम मावशी आहेत!' पाठमोऱ्या आहेत, हे लिहिलं नाही. लिहायला हवं होतं. पण मला तो प्रसंग इतका आवडला होता, की चेहरा नाही ही उणीव आहे हे सुचलंच नाही. सुचलं तेव्हा उशीर झाला होता. बाजारात बातमी पसरली होती, की मावशी पडद्यावर हिरोच्या मुस्काटात मारते. मावशी फोनवरून सगळ्यांना तेच सांगत होती. मी गप्प बसले. मी, जिला सगळं बंदर तोंडाळ म्हणतं.

तिसऱ्या आठवड्यात सिनेमा सगळीकडून उतरला. राहिला तो फक्त आमच्या सम्हाक टॉकीजमध्ये, सकाळी दहा वीसचा एकच खेळ. त्या वेळेला सिनेमा बघतं कोण? टॉकीजचे मालक सनवू साहेब मला म्हणाले, "यंग-ओक बाई, तुमच्या सिनेमाला काल तीन माणसं होती. त्यातला एक झोपायला आला होता."

"किती लागतील?"

"रोज साठेक तिकिटं गेली, तर पुढच्या बुधवारनंतरही ठेवायचा विचार करीन."

बुधवारी आमच्याकडे सिनेमे बदलतात. मी फोन उघडला आणि 'धक्का'वेड्यांच्या गटावर लिहिलं. देशभरातले सव्वाशे लोक आहोत आम्ही. एकमेकांची तोंडं बघितलेली नाहीत, सगळे टोपणनावाने. तेगूची एक मुलगी आहे, तिचं नाव किम्बाप-शेपूट, म्हणजे भाताच्या वळकटीचं टोक. तिने लगेच उत्तर टाकलं, "काळजी नको ताई. आत्मे पाठवू."

आत्मा पाठवायचा म्हणजे तिकीट काढायचं आणि जायचं नाही. अंग ऑफिसात, शाळेत, स्वयंपाकघरात, पण नावाची खुर्ची थिएटरात. आकडा वाढतो, सिनेमा जगतो. आपल्या आवडत्या सिनेमाला मरताना बघवत नसेल, तर आमच्याकडे हा उपाय करतात. गुरुवारपासून मंगळवारपर्यंतच्या सगळ्या खेळांची बहात्तरच्या बहात्तर तिकिटं दोन तासांत गेली. पुसानचे आत्मे आले, सोलचे आले, एक तर जपानहून आला. माझाही आत्मा रोज तिसऱ्या रांगेत सहा नंबरला. अंग मात्र पार्लरमध्ये, कुणाच्या तरी डोक्याला औषध लावत.

मी खूश होते. सनवू साहेब म्हणाले, "एवढ्या वर्षांत इतकं स्वच्छ थिएटर बघितलं नव्हतं. झाडूच लागत नाही."

रविवारी सकाळी आठला मावशी पार्लरमध्ये हजर. आदल्या दिवशीच ग्वांगजूहून आलेली. डोळा नवाकोरा, अंगात जांभळा कोट.

"मस्त फुगवून दे केस," म्हणाली.

"कुठे दौरा एवढ्या नटून?"

"देवळात."

मी नेहमीसारखा मागून आरसा धरला, तिने नेहमीसारखा सारला आणि निघून गेली. अकराच्या सुमारास परत आली, ती पाच मैत्रिणींना घेऊन. सगळ्या लाल-जांभळ्या कपड्यांत, सगळ्या धापा टाकत. पुढे ओबुन मावशी. ओबुनचं दुकान फिल-नाम मावशीच्या दुकानाच्या बरोब्बर मागे, एकेचाळीस वर्षांपासून.

"देऊळ कसलं!" ओबुन मावशी खुर्चीत कोसळत म्हणाली. "टॉकीजला गेलो होतो. तुला चकित करायचा बेत होता, बघून येऊन एकदम सांगणार होतो. पण तिकीटच नाही!"

"नाही म्हणजे?" माझ्या हातातला कंगवा थांबला.

"हाऊसफुल्ल!" फिल-नाम मावशीचा चेहरा नुसता उजळला होता. "त्या यंत्रावर लाल अक्षरात आलं. एक खुर्ची शिल्लक नाही! आज नाही, उद्या नाही, मंगळवारीही नाही. माझ्या नव्या डोळ्याने मी स्वतः वाचलं. अगं, अख्खं मोक्पो लोटलंय माझा सिनेमा बघायला!"

"हिला वाटलं होतं आपण सहाच असू," ओबुन मावशी म्हणाली. "तरी मी सांगत होते, आधी काढ तिकीट. पण ऐकेल तर फिल-नाम कसली!"

"असू दे गं. मिळालं नाही याचाच आनंद आहे. रिकाम्या थिएटरात बघण्यापेक्षा भरलेल्या थिएटराबाहेर उभं राहिलेलं बरं."

पाचही जणी हसल्या. मी हसले नाही. त्या क्षणी पडद्यावर आठ नंबरचा धक्का चालू होता, समोर बहात्तर खुर्च्या होत्या आणि एकीवरही माणूस नव्हता. आणि ज्या बाईने तो सिनेमा उभा केला, तिला दारावरून परत पाठवलं होतं. कुणी? मी. सिनेमावरच्या माझ्या प्रेमाने. मला लाज वाटली. असली लाज मला फारशी वाटत नाही, त्यामुळे तिचं काय करावं हेही कळेना.

मैत्रिणी गेल्या. फिल-नाम मावशी कोटाची बटणं काढत जरा मागे रेंगाळली.

"यंग-ओक, तो फोनवर येतो ना गं नंतर?"

"येईल ना."

"फोनवर मी मासळीएवढी दिसणार." ती हसली. मग हळूच म्हणाली, "एकदा मोठं बघायचं होतं स्वतःला. भिंतीएवढं. या वयात दुसऱ्यांदा कोण बोलावतंय?"

ती गेल्यावर सनवू साहेबांचा फोन आला. सोलचा एक मोठा सिनेमा येतोय, दोन्ही पडदे त्यालाच द्यावे लागणार. "मंगळवार शेवटचा. तुमच्या आत्म्यांना माझा नमस्कार सांगा."

मी झाडू घेऊन जमिनीवरचे केस गोळा करायला लागले आणि मनात एक वाईट विचार आला. खोटं कशाला सांगू? मंगळवारचं थिएटर भरलेलंच होतं. मी काहीच केलं नाही तरी चाललं असतं. सिनेमा उतरला असता, मावशी मरेपर्यंत सांगत राहिली असती की अख्खं मोक्पो लोटलं होतं आणि पडद्यावर भिंतीएवढा तिचा चेहरा होता. कुणाचं काय बिघडत होतं? उलट तिला घेऊन जायचं, पाच मैत्रिणींच्या मधे बसवायचं, आणि दाखवायचं काय, तर पाठ. जन्मभर जिच्याकडे कुणी वळून बघितलं नाही, तिला कॅमेऱ्यानेही मागूनच बघितलं, हे?

मी तीन वेळा तीच जागा झाडली.

मग आरशाच्या कोपऱ्यातल्या कागदाकडे लक्ष गेलं; सिनेमा धोक्यात म्हणून या आठवड्यात 'धक्का'चाच पुन्हा लावला होता. मीच लिहिलेलं होतं, 'या सिनेमातला सगळ्यात मोठा प्रसंग आठ सेकंदांचा आहे.' आता मला सांगा, हे माझं मत खरं होतं की नाही? खरं असेल, तर तो प्रसंग त्या बाईपासून लपवायची मला भीती का वाटावी? दोन तारे देणाऱ्याला मी 'आंधळा' म्हणते, आणि स्वतःच ठरवून टाकते की पाठ म्हणजे कमी? मग त्याच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?

मी झाडू टाकला आणि गटावर लिहिलं, "मंगळवारचे सहा आत्मे परत बोलवा. तिसरी रांग, एक ते पाच आणि सात. तिथे अंगं बसणार आहेत."

किम्बाप-शेपूट उसळली, "ताई, शेवटच्या दिवशी आकडा कमी करायचा?"

"आकडा तोच राहील. त्या खुर्च्या तुम्ही सोडल्याबरोबर मी काढते. माकुळवाल्या मावशी स्वतः येणार आहेत."

मग धडाधड आलं. "त्या माकुळवाल्या? खऱ्या?" "मी तीन नंबर सोडला." "मी पाच सोडला." एकाने लिहिलं, "माझा आत्मा उठून मागच्या कोपऱ्यात उभा राहील, त्याला सांगा मावशींना त्रास देऊ नको." पंधरा मिनिटांत सहा खुर्च्या मोकळ्या झाल्या आणि मी त्या काढल्या. सहा नंबरची माझी होतीच. तिथल्या आत्म्याला फक्त अंग जोडायचं होतं.

मंगळवारी मी पार्लरला कुलूप लावलं आणि सहा जणींना घेऊन निघाले. वाटेत मावशीला पाठीचं सांगून टाकायचं ठरवलं होतं. बसमध्ये दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा म्हणाले, "थंडी आहे नाही आज?" दुसऱ्यांदा म्हणाले, "डोळा कसा आहे?" झालं माझं धाडस.

सनवू साहेब दारात टाय लावून उभे होते. मावशीला वाकून नमस्कार केला. बायका तिकिटं हातात धरून आत शिरल्या आणि जागच्या जागी थबकल्या. थिएटरात चिटपाखरू नव्हतं.

"अगं, हाऊसफुल्ल ना?" ओबुन मावशी म्हणाली. "माणसं कुठायत?"

फिल-नाम मावशीने माझ्याकडे बघितलं. आता पळवाट नव्हती. मी सगळं सांगितलं. तिकिटं कशी काढली, कुणी काढली, रविवारी आत कुणी कसं नव्हतं. "हाऊसफुल्ल खरं आहे मावशी, पण आत्म्यांचं. तुम्हाला दारावरून जावं लागलं ते माझ्यामुळे. माझं चुकलं."

मावशीने रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली, पुढून मागे, एकेक रांग. मला वाटलं आता ही रडणार.

"म्हणजे पैसे भरून आलेत, फक्त दिसत नाहीत," ती म्हणाली.

"हो."

"मग त्यात काय एवढं? आईचं श्राद्ध दर वर्षी मी करते. भाऊ करत नाही, ज्याच्यासाठी माझं हे नाव ठेवलं तो. ताट वाढते, दार किलकिलं ठेवते, ती येते, जेवते, जाते. भात होता तेवढाच राहतो. म्हणून ती आली नाही असं मी म्हणते का?" आणि मग थिएटरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बसा बसा. लांबून आलात. उठू नका."

मग पिशवीतून भाजलेलं सुकं माकूळ काढलं, आम्हाला एकेक तुकडा दिला आणि पुढच्या रांगेतल्या दोनचार खुर्च्यांच्या हातांवरही ठेवला. सनवू साहेब बघत राहिले. आज झाडू लागणार होता.

दिवे गेले. बायकांनी पहिल्या अर्ध्या तासात आमचा धक्का, आमचा बर्फाचा कारखाना, ओबुनच्या मेव्हण्याची होडी, सगळं नाव घेऊन ओळखलं. मी एरवी थिएटरात बोलणाऱ्यांना मागे वळून दटावते. त्या दिवशी मला ऐकूच येत नव्हतं. माझं लक्ष होतं एकेचाळिसाव्या मिनिटाकडे.

ते मिनिट आलं. गुंड चालत आला, उभा राहिला. खाली, पडद्याच्या निम्म्या रुंदीची, एक मान. कुरळे केस. घामाच्या पांढऱ्या बटा.

गुंड धमकी देत होता. मावशी पडद्याकडे बघत होती, आपण कधी येणार याची वाट बघत. तिला कळलंच नव्हतं! तीस वर्षं आरसा बाजूला सारणाऱ्या बाईला स्वतःची पाठ कुठून माहीत असणार?

"सर बाजूला," पडद्यावरून तिचा आवाज आला, "ऊन अडवतोयस."

फाट्‌. माकूळ बसलं.

"फिल-नाम!" ओबुन मावशी खुर्चीतून उठलीच. "अगं हीच! हीच! एकेचाळीस वर्षं मी हेच बघतेय! माझ्याच टोपल्या हलवून ठेवला होता तो कॅमेरा!"

बाकीच्या टाळ्या पिटायला लागल्या. "मान बघा, मान!" "फटका बघा!" कुणीही म्हटलं नाही, की चेहरा कुठाय. त्यांच्या लेखी फिल-नाम अशीच दिसत होती. मी फक्त शेजारच्या खुर्चीकडे बघत होते. मावशी हलत नव्हती. पडद्यावर पुढचा प्रसंग लागला होता, तरी ती त्याच जागी बघत होती.

"मावशी," मी म्हणाले, "मी आधीच सांगायला हवं होतं. चेहरा नाहीये. मागे बघू नका असं त्यांनी तुम्हाला सांगितलं, ते यासाठीच. पण मला विचाराल तर अख्ख्या सिनेमात याहून..."

"गप्प बस जरा."

मावशी खुर्चीतून पुढे वाकली.

"ती मी नव्हे," मावशी म्हणाली.

"तुम्हीच आहात. केस मी केलेत."

"केस तुझे असतील. मान माझ्या आईची आहे." तिने स्वतःच्या मानेवर हात ठेवला. "डोक्यावर टोपली घेऊन पुढे चालायची, मी मागून. रोज चार मैल. तिचा चेहरा आता मला नीट आठवत नाही गं, फोटो कधी काढलाच नाही. पण मान आठवते. तिथे त्या बटा अशाच चिकटलेल्या असायच्या." मग म्हणाली, "एवढे आत्मे बोलावलेस, त्यांत तीही आली बघ. आणि भिंतीएवढी आली."

ओबुन मावशीने कोटाच्या बाहीने डोळे पुसले. मी माझे पुसले नाहीत, नुसते वाहू दिले. सिनेमा कुठवर गेला होता, मला माहीत नाही. तो मी पाचव्यांदा बघत होते आणि पहिल्यांदाच बघितला नाही.

बुधवारी सिनेमा उतरला. आरशावरचा कागद मी सोमवारी बदलला नाही, त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही. बायका विचारायला लागल्या, तर म्हटलं, अन्याय अजून मिटलेला नाही.

दोन महिन्यांनी फिल-नाम मावशी केसांना आली. रोलर काढले, मानेवरचे वाढलेले केस कात्रीने सरळ केले, झटकले. सवयीने हातातला आरसा उचलला आणि सवयीनेच परत ठेवायला गेले.

"धर की मागे," ती म्हणाली.

मी धरला. मावशीने मान जरा डावीकडे वळवली, मग उजवीकडे. नव्या डोळ्याने खूप वेळ बघितलं. मग बोट मानेवर टेकवून म्हणाली, "पुढच्या वेळी इतके कापू नकोस. आईचे इथपर्यंत असायचे."